टेलच्या गावातून: 65 टक्क्यांचा आकडा

आमची चारी (कालव्याचा छोटा फाटा) जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी तालुक्यात, पार टेलला, म्हणजे शेवटाला. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरलेलं पाणी, सुटलं की आधी वरच्या गावांचं भिजतं, मग कधीतरी रात्री आमची पाळी येते. म्हणून 15 ऑक्टोबरकडं आमचं सगळ्यांचं लक्ष असतं. त्या दिवशी जायकवाडी धरणात उपयुक्त साठा (वापरता येणारं पाणी) 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं, असा दंडक आहे.

हा दंडक कुणा मंत्र्याच्या मर्जीतून आलेला नाही. ऑक्टोबरअखेर नदीच्या खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत साठ्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, हे तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. ते पाळायचं कसं, याचं कोष्टक सरकारनं नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं मांडलं. वरच्या धरणांचे गट पाडले आणि कुणी किती सोडायचं ते साठ्यानुसार ठरवलं. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं त्यावर आदेश काढला. 2023 च्या दुष्काळात 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचं ठरलं ते याच आधारावर.

आता नव्या समितीकडून या कोष्टकाचा फेरअभ्यास झालाय आणि 65 चा आकडा कमी करा, अशी शिफारस आलीय. आमच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत पहिलाच प्रश्न निघाला, "काका, त्या समितीत आपल्याकडचा कोण हाय?"

मला हा प्रश्नच पटत नाही. आपण आपला माणूस बसवला तर वरचेही त्यांचा बसवणार, मग तो अभ्यास राहत नाही, सौदा होतो. विचारायचं ते वेगळंच आहे. वहनतूट, म्हणजे वाटेत कमी होणारं पाणी, कुठं आणि कशी मोजली? गोदावरीच्या पात्रातले वाळूचे खड्डे भरण्यात किती पाणी जिरलं? पाणी सुटलं तेव्हा बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या होत्या का, काठावरच्या मोटारींची वीज खरंच बंद होती का? नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उथळ आणि पसरट, उन्हाळ्यात बाष्पीभवन जबर. ते कोणत्या नोंदींवरून धरलं? या नोंदी टेलच्या शेतकऱ्यालाही तपासता आल्या पाहिजेत. त्या तपासून आमचा वाटा कमी निघाला, तर मी तो मान्य करीन आणि गावालाही समजावीन.

पाणी किती आहे ते अभ्यासकांनी सांगावं. ते उसाला द्यायचं की ज्वारी-हरभऱ्याला, हे सरकारनं स्वतःच्या नावावर ठरवावं, समितीच्या आड लपून नाही.

आमच्या अर्जात एकच मागणी ठेवलीय: मागच्या प्रत्येक विसर्गाच्या रोजच्या नोंदी, वरच्या धरणाच्या दारापासून पैठणच्या जायकवाडी धरणापर्यंत.