३२ ग्लास आणि एक बादली

मुलीच्या वाढदिवसाला चाळीसेक माणसं येणार होती आणि मी ठरवूनच टाकलेलं की यावेळी प्लास्टिकचे ग्लास आणायचे नाहीत म्हणजे नाहीत. मग दोन रात्री मोबाईलवर शोधाशोध करून ते एक प्रकारचे ग्लास मागवले, दिसायला डिट्टो प्लास्टिक, पारदर्शक, पण बाजूला हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं १०० टक्के कंपोस्टेबल, वनस्पतीपासून बनवलेले. साध्या ग्लासांपेक्षा चांगलेच महाग होते पण म्हटलं असू दे, वर्षातून एकदाच तर आहे. आणि मग त्या दिवशी मी जे काही मिरवलंय ना, आता आठवलं तरी कसंतरी होतं. सरबत घेणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, ग्लास टाकू नका हं, इकडे द्या, याचं खत होतं. बायको एकदा हळूच म्हणाली, "अरे, पण आपल्याकडे खत करतं कोण?"

मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे खताचा काहीच प्रकार नव्हता. म्हणजे लोक कचऱ्याचं करायचं काय म्हणून कंपोस्ट सुरू करतात, मी ३२ ग्लास (बाकीचे कोणीतरी टाकलेच) घरात पडून होते म्हणून सुरू केलं.

जुनी झाकणाची मोठी बादली होती, साधारण चाळीस लिटरची. तिला बाजूने आणि बुडाला भोकं पाडली, खाली विटेचे तुकडे, त्यावर थोडी माती, आणि रोजचा ओला कचरा त्यात टाकायला लागलो. साली, देठं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न. मध्ये मध्ये ग्लास. पाच ग्लास कात्रीने बारीक तुकडे करून आणि पाच अख्खे, कारण मला बघायचं होतं कुठले आधी जातात. शास्त्रीय प्रयोग!

बारा दिवसात बाल्कनीत उभं राहवेना. सडक्या अंड्यासारखा वास, बुडातून काळं पाणी, आणि झाकण उघडलं की चिलटांचा ढगच अंगावर यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यात बोटाच्या पेराएवढ्या करड्या-तपकिरी अळ्या वळवळायला लागल्या तेव्हा आईने जाहीर केलं, "हे घरात चालणार नाही, एक तर ती बादली नाहीतर मी."

आईला आठ दिवसांची मुदत मागितली आणि मग जरा नीट वाचलं, जे आधी करायला हवं होतं. चूक एकदम बेसिक होती. मी फक्त ओलं टाकत होतो, कोरडं काहीच नाही. कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतं, नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग असं ते प्रमाण असतं, आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कार्बन त्या मानाने कमी पडतो. तो येतो वाळक्या पाल्यातून, लाकडाच्या भुशातून, फाडलेल्या पुठ्ठ्यातून. दुसरं म्हणजे हवा. नुसता ओला कचरा आपल्याच वजनाने दबून गच्च बसतो, आत हवा राहत नाही, मग हवेशिवाय जगणारे जीवाणू ताबा घेतात आणि तो अंड्याचा वास म्हणजे त्यांनी केलेला हायड्रोजन सल्फाइड. अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर नायट्रोजन जास्त झालाय, अंड्यासारखा आला तर हवा कमी आहे, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. आता मला झाकण उघडून नुसत्या वासावरून कळतं काय बिघडलंय. बायको म्हणते हे कुठे सांगत जाऊ नकोस.

सगळी बादली उपसली, ताटात पसरली, पुठ्ठ्याचे तुकडे नि वाळका पाला मिसळून परत भरली. मग नियम केला, एक वाटी ओला कचरा पडला की दोन वाट्या कोरडं पडलंच पाहिजे, आणि दर तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. ओलावा बघायला सोपी युक्ती आहे, मूठभर घ्यायचं आणि दाबायचं, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर कोरडं घाला, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. वास चार दिवसात गेला. अळ्यांचं म्हणाल तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या निघाल्या, ज्या उलट कचरा भराभर संपवतात आणि त्यांची माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. हे आईला समजावून सांगितलं. पटलं नाही, पण मुदत वाढवून मिळाली.

साधारण पाच महिन्यांनी बादलीतलं काळंभोर, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारं खत चाळायला घेतलं. खरंच फार भारी वाटलं. आणि मग चाळणीत वर काय राहिलं ते बघा. फळांवर चिकटवलेले ते छोटे स्टिकर, सात-आठ तरी, रंग पण तसाच. टी-बॅगच्या पातळ जाळ्या, आतला चोथा गायब पण पिशवीचा सांगाडा शाबूत, कारण बऱ्याच टी-बॅगा चिकटवायला त्यात प्लास्टिकचे धागे घालतात हे मला तेव्हा कळलं. आणि ग्लास. पाचही अख्खे ग्लास अख्खेच होते. नळाखाली धरले तर पान छापलेलं तसंच्या तसं, कंपोस्टेबल हा शब्द सुद्धा स्पष्ट वाचता येत होता! तुकडे केलेले पण तेवढेच तुकडे, कडा सुद्धा धारदार. म्हणजे पुठ्ठा गेला, अंड्याची टरफलं बरीचशी गेली, हे मात्र जसेच्या तसे.

आधी वाटलं फसवलं आपल्याला. कंपनीला तणतणत ईमेल टाकला, फोटो जोडून. चार दिवसांनी उत्तर आलं, फार नम्र, की सर आमचे ग्लास इंडस्ट्रियल कंपोस्टिंगसाठी, म्हणजे कारखान्यात खत करण्यासाठी, प्रमाणित आहेत. पॅकेट काढून बघितलं तर होतं लिहिलेलं, मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. म्हणजे खोटं कोणी बोललं नव्हतं. मी पुढची बाजू वाचली होती.

मग मी या गोष्टीच्या मागेच लागलो. हे ग्लास पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात, मका किंवा उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून हे, त्यामुळे वनस्पतीपासून बनवलेले हे शंभर टक्के खरं. पण ते तुटायला आधी उष्णता लागते. साधारण ५५-६० अंशाला ते मऊ पडतं, ओलाव्याने त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि मग कुठे जीवाणूंना ते खाता येतं. युरोपात यासाठी ईएन १३४३२ म्हणून मानक आहे, त्यात अट अशी की १२ आठवड्यांत तुकडे होऊन २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. पण ही परीक्षा कारखान्यातल्या परिस्थितीची, जिथे मोठाले ढीग कित्येक दिवस साठ अंशाच्या आसपास तापलेले असतात. मी घरात थर्मामीटर आणून बादलीत खुपसला. ताजा कचरा घालून खालीवर केल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसलं ४२, आणि चार दिवसात परत बाहेरच्या हवेइतकं. एवढ्याशा बादलीत उष्णता टिकतच नाही, त्यासाठी निदान घनमीटरभर तरी ढीग लागतो.

खात्री करायला उरलेल्यातल्या एका ग्लासात उकळता चहा ओतला. दोन मिनिटात तो लुळा पडून एका अंगाला कलंडला आणि चहा ओट्यावर. (हा प्रयोग ओट्यावर करू नका.) म्हणजे तापलं की खरंच मऊ पडतो, माझ्या बादलीत तेवढं तापत नाही इतकंच.

हे माझ्या एकट्याचं नाही हे कळल्यावर जरा बरं वाटलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनभरच्या सामान्य लोकांना घरच्या कंपोस्टमध्ये असल्या वस्तू टाकून बघायला सांगितलं होतं, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, त्यात होम कंपोस्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुद्धा ६० टक्के पूर्ण विघटित झालं नव्हतं. आणि प्लिमथ विद्यापीठाने २०१९ ला छापलेला प्रयोग तर कमाल आहे, बायोडिग्रेडेबल लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत पुरून ठेवली आणि बाहेर काढून तिच्यात सामान भरलं तर तिने ते नीट पेललं.

तेव्हापासून मी हे शब्द वेगवेगळे वाचायला लागलो. बायोडिग्रेडेबल म्हणजे कधीतरी कुजेल, किती वर्षांत आणि कुठे हे सांगितलं नसेल तर त्याला काहीच अर्थ नाही. नुसतं कंपोस्टेबल म्हणजे बहुतेक वेळा कारखान्यातलं. घरच्या बादलीसाठी वेगळं प्रमाणपत्र असतं, ओके कंपोस्ट होम असा शिक्का असतो, त्याची चाचणी २० ते ३० अंशाला करतात. आणि वनस्पतीपासून बनवलेलं हे तर फक्त कशापासून आलं ते सांगतं, कुठे जाणार ते नाही. मी मात्र पाचेक वर्षं हे सगळे शब्द एकच समजून सामान घेत होतो.

बरं मग उरलेल्या ग्लासांचं करायचं काय? बुडाला त्रिकोणात ७ आकडा आहे, म्हणजे इतर. तो त्रिकोण बघून पण मला आधी वाटायचं की रिसायकल होतं, तर तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई असं. पीएलए पाण्याच्या बाटल्यांच्या पेटमध्ये मिसळलं तर उलट तो लॉट बिघडवतं. इंडस्ट्रियल कंपोस्टिंग आमच्या आसपास नाही. म्हणजे इतकं सगळं करून त्यांची जागा एकच, मिक्स कचरा.

पण या बादलीच्या नादात एक भलतीच गोष्ट झाली. कोरड्या-ओल्याचं प्रमाण नीट जमावं म्हणून मी महिनाभर ओला कचरा वजन करून टाकत होतो आणि फ्रीजच्या दारावर कागद लावून लिहीत होतो. साली-देठं लिहायला एक रकाना आणि खाता आलं असतं असं एक. दुसरा रकाना मी उगाच केलेला, वाटलं रिकामाच राहील. पहिल्याच आठवड्यात त्यात सव्वा किलो! विसरलेली अर्धी भाजी, मऊ पडलेली फळं, बुरशी आलेला ब्रेड, जास्त झालेला भात. आणि हे सगळं मी खत होतंय ना म्हणून बिनधास्त टाकत होतो, म्हणजे बादली आल्यापासून टाकून द्यायचं काही वाटेनासंच झालेलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. आधी असा आकडा वाचला असता तर हॉटेलवाल्यांना शिव्या घातल्या असत्या. ते अन्न पिकवायला, आणायला, थंड ठेवायला, शिजवायला जे काही गेलं ते खत करून थोडंच परत येतं, मूठभर माती मिळते फक्त.

त्याला आम्ही काही ग्रेट केलं नाही. फ्रीजमध्ये एक कप्पा आधी हे संपवा म्हणून ठेवला, बाजारात जायच्या आधी तो कप्पा बघायचा, आणि भात एक वाटी कमी लावायचा. चौथ्या आठवड्यात तो रकाना साडेतीनशे ग्रॅमवर आला. शून्य कधीच झाला नाही, पाहुणे आले की परत वर जातो, आणि आता मी लिहायचं पण बंद केलंय, कंटाळा आला.

या वर्षी वाढदिवसाला घरातले आणि शेजारून मागून आणलेले स्टीलचे आणि काचेचे ग्लास होते, तीन प्रकारचे, दिसायला अगदी विचित्र. रात्री साडेअकरापर्यंत मीच घासत बसलो होतो, त्यात दोन फुटले. मिरवलं काहीच नाही पण माझ्या मेव्हण्याला आठवत होतंच. सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, मागच्या वर्षीच्या ग्लासांचं झालं का खत?"

त्याला बाल्कनीत घेऊन गेलो. तापलेली सुई घालून बुडाला भोकं पाडलेले सव्वीस ग्लास कठड्याला ओळीने, प्रत्येकात बादलीतलं खत आणि एकेक रोप. त्याने एक उचलून उन्हाकडे धरला, पारदर्शक असल्यामुळे आतली मुळं दिसतात. मग बाजूचं हिरवं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन रोपं ग्लासासकट घरी घेऊन गेला.