तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिस्पर्ध्यांसोबत बसून कोड का लिहिता?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच. नव्याने रुजू झालेली मुलं विचारतात, आमच्याच विक्री विभागातली माणसं तर दर तिमाहीला विचारतात. वीज ग्रिडचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत काम करता, मग टेंडरमध्ये समोर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांबरोबर बसून कोड का लिहिता? आणि तो सगळ्या जगाला उघडा का ठेवता, फुकट का वाटता? इतकी वर्षं मी एका वाक्यात उत्तर देत आले: ग्रिडची माहिती लिहिण्याची मानकं सगळ्यांची एकच आहेत, तर पायाही एकच असू दे. वाक्य खोटं नाही. पण मी इथे आले ती त्या वाक्यामुळे नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आज सगळं सांगते.

आधी त्या "फुकट वाटता" या शब्दांबद्दल, कारण ते मला लागतात. ऑपरेटरच्या पडद्यावर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने दिसावं, त्याच्या हातून चूक होण्याआधी त्याला कसं थांबवावं, हे आमचं आहे आणि ते आम्ही विकतो. सामायिक आहे तो खालचा थर: शेजारच्या ग्रिडची फाईल वाचणं, लोड फ्लो सोडवणं (म्हणजे कुठून किती वीज वाहील आणि कुठे किती व्होल्टेज राहील याचं गणित), उत्तर पुन्हा ठरलेल्या साच्यात लिहिणं. न्यूटनच्या पद्धतीने लोड फ्लो कसा सोडवायचा हे टिनी आणि हार्ट यांनी १९६७ सालीच छापून टाकलं. त्यात कुणाचं गुपित उरलंय? तरीही प्रत्येक कंपनी ते नव्याने लिहिते, प्रत्येकीच्या कोडमध्ये नव्या चुका राहतात आणि प्रत्येकीचं बिल शेवटी वीज वापरणाराच भरतो.

आणि हे वेड माझ्या एकटीचं नाही. उघड्या कोडचे प्रकल्प सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशनने २०१८ साली वीज क्षेत्रासाठी एलएफ एनर्जी सुरू केलं. फ्रान्सचं पारेषण सांभाळणाऱ्या आरटीईने आपलं पॉवसिबल हे ग्रिडच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर त्यात आणलं, नेदरलँड्समधल्या अलिअँडर या वितरण कंपनीने पॉवर ग्रिड मॉडेल हे तसंच सॉफ्टवेअर आणलं. या हौशी लोकांच्या संस्था नव्हेत. तिथे रात्रपाळीत कुणीतरी खरोखर कंट्रोल रूममध्ये बसलेलं असतं.

४ नोव्हेंबर २००६ ची रात्र या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. जर्मनीत एम्स नदीतून एक मोठं प्रवासी जहाज जायचं होतं, त्यासाठी नदीवरची ३८० केव्हीची दुहेरी लाईन बंद केली. ठरलेली वेळ ऐनवेळी अलीकडे ओढली होती. भार शेजारच्या लाईनींवर सरकला. त्यातल्या एका लाईनची दोन टोकं दोन कंपन्यांकडे होती आणि दोन्ही टोकांच्या प्रोटेक्शनची, म्हणजे भार मर्यादेबाहेर गेला की लाईन आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेची, सेटिंग वेगळी होती. पलीकडच्या टोकाची मर्यादा अलीकडच्या कंट्रोल रूमने हिशेबात धरलेलीच नव्हती. ती लाईन ट्रिप झाली, तिच्यामागे बाकीच्या, आणि युरोपचं ग्रिड तीन तुकड्यांत फुटलं. दीड कोटीहून जास्त घरांची वीज गेली. हवा तो आकडा अस्तित्वात होता, फक्त लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या कंपनीत होता.

त्या रात्रीचा अहवाल मी आमच्या टीममधल्या मुलांना कितीदा शिकवला असेल. तो शिकवत असतानाच्याच काळात मी पुढची गोष्ट केली.

एका प्रतिस्पर्धी कंपनीतले इंजिनिअर एका परिषदेनंतर भेटायला आले. प्रस्ताव साधा होता: सीआयएम (ग्रिडची माहिती लिहिण्याचा ठरलेला साचा) फाईल वाचणारा भाग, म्हणजे आमचा कन्व्हर्टर, दोन्ही कंपन्यांनी मिळून एकदाच लिहू, चाचण्याही एकत्र ठेवू. तो कन्व्हर्टर मी लिहिला होता, दोन वर्षं घालून. मी म्हणाले, "हेच तर आमचं वेगळेपण आहे." त्यांनी वाद घातला नाही. "बघा, विचार करा," म्हणाले आणि कार्ड ठेवून गेले. मी विचार केला नाही. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला अभिमानच वाटला होता.

चौदा महिने गेले. आमच्या एका ग्राहकाला देखभालीसाठी एका लाईनचं शटडाऊन घ्यायचं होतं. ती काढली की तिच्या टोकाच्या उपकेंद्राचा सगळा भार शेजारच्या ग्रिडशी जोडणाऱ्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर येणार होता. आदल्या दिवशी आमच्या प्रोग्रामवर अभ्यास झाला. उत्तर आलं ०.९८, म्हणजे लाईन काढल्यावरही व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या ९८ टक्के राहील. परमिट दिलं गेलं, लाईन निघाली, दोन्ही टोकांना अर्थिंग लागलं, माणसं टॉवरवर चढली.

संध्याकाळचा भार चढायला लागला आणि व्होल्टेज ०.८९ वर आलं. अंडरव्होल्टेज रिलेने, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की भार तोडणाऱ्या उपकरणाने, ठरलेला वेळ वाट पाहिली आणि एकेक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून ग्राहकांकडे जाणारी लाईन, सोडायला सुरुवात केली.

मला फोन आला तो ऑपरेटरचा. तो ओरडत नव्हता. फार सावकाश बोलत होता, तेच जास्त भीतिदायक होतं. "मॅडम, तुमचा प्रोग्राम अजूनही ०.९८ दाखवतोय. मी कुणावर विश्वास ठेवू?" मी म्हणाले, मीटरवर. एवढं एक उत्तर त्या रात्री माझ्याकडे बरोबर होतं. लाईन लगेच परत घ्यायचा प्रश्नच नव्हता. वर माणसं होती. ती उतरेपर्यंत, मोजली जाईपर्यंत, अर्थिंग निघेपर्यंत लाईनला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. शेजारच्या कंट्रोल रूमला फोन करून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने कमीजास्त करायची सोय) खाली घ्यायला सांगितलं, तर तिथले म्हणाले, आमच्या मॉडेलमध्ये तुमचं उपकेंद्र व्यवस्थित दिसतंय. त्यांना पटायला वेळ गेला. शेवटचा फीडर परत चालू झाला तेव्हा दोन तास चाळीस मिनिटं उलटली होती.

चूक मला पहाटे सापडली. त्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप १३ वर होता. ९ ही मधली स्थिती. एका पायरीला सव्वा टक्का, म्हणजे चार पायऱ्यांचे पाच टक्के. टॅप उच्चदाबाच्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) असेल तर तो वर नेल्यावर पलीकडचं व्होल्टेज पाच टक्के खाली जातं. माझ्या कोडने तो लघुदाबाच्या वाइंडिंगवर लावला होता, म्हणून पाच टक्के वर जात होतं. एवढ्याने ०.९८ आणि ०.८९ यांच्यातली दरी पडते. शेजाऱ्यांच्या फाईलमध्ये लघुदाबाचं वाइंडिंग आधी लिहिलेलं होतं. टॅप कोणत्या वाइंडिंगचा हे फाईल स्पष्ट सांगत होती, पण ते न वाचता मी धरून चालले होते की पहिलं येईल ते उच्चदाबाचं. मानक बरोबर होतं, फाईल बरोबर होती. माझी एक ओळ चुकली होती.

याहून जास्त टोचणारी गोष्ट अशी की ग्रिडच्या त्या कोपऱ्यातली रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) कित्येक महिने मोजमापाशी जुळत नव्हती. चालू असताना ती लाईनच व्होल्टेज सावरून धरायची, म्हणून फरक फार मोठा दिसायचा नाही. आम्ही त्याला मीटरचा दोष म्हणत आलो होतो. मीही तसंच म्हटलं होतं, लेखी.

काही आठवड्यांनी मी ते कार्ड शोधून फोन केला. त्यांनी लॅपटॉपवर एक छोटी फाईल उघडून दाखवली. एकच ट्रान्सफॉर्मर, दोन बस (ग्रिडमधले जोडबिंदू), एक भार. वाइंडिंगचा क्रम मुद्दाम उलटा. वर टिपण्णी: "पहिलं म्हणजे उच्चदाब, असं धरू नका." तारीख बघितली. आमच्या त्या भेटीच्या आधीची होती. "आमचीही हीच चूक झाली होती," ते म्हणाले, "पण आमची चाचणीत सापडली." त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. त्या भेटीत मी हो म्हटलं असतं तर ही फाईल पहिल्याच महिन्यात माझ्या कोडवर चालली असती.

बस्स. मी प्रतिस्पर्ध्यांसोबत कोड लिहिते ती या फाईलमुळे. तत्त्वज्ञान नंतर जमा झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: कोड उघडा ठेवला तर हल्लेखोरांना वाट सापडणार नाही का? २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोर ऑपरेटरचे पासवर्ड चोरून आत शिरले आणि त्याच्याच पडद्यावरून ब्रेकर उघडत गेले. त्यासाठी त्यांना कुणाचा कोड वाचावा लागला नव्हता. हे उदाहरण मी दरवेळी देते आणि दरवेळी लोक मान डोलावतात.

पण ते कन्व्हर्टर जपणारी जुनी मी अजून माझ्याशी भांडते, आणि तिच्याकडेही उदाहरणं आहेत. मार्च २०२४ मध्ये फाईली आकसवणाऱ्या एक्सझेड या उघड्या कोडमध्ये मागचं दार सापडलं. थकलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ सबुरीने कमावला आणि मग ते दार बसवलं. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. जुनी मी विचारते: तुझ्या प्रकल्पात असं कुणाला खटकेल? सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे तुला माहीत नाही का?

माहीत आहे. आमच्या सामायिक प्रकल्पाच्या करारावर सात कंपन्यांच्या सह्या आहेत आणि नियमितपणे कोड तपासणारी माणसं तीन आहेत. एका कंपनीने नफा घटताच आपले दोघे काढून घेतले, तरी नव्या सोयींची तिची यादी येतच राहिली. ज्यांनी सर्वांत कमी दिलं त्यांनी आमच्याच सामायिक पायावर उभं राहून कमी भावात एक टेंडर आमच्या हातून नेलं. त्या दिवशी आमचा विक्री प्रमुख माझ्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला, तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आजही त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. ती उलट्या वाइंडिंगची फाईल दाखवून टेंडर परत येत नाही.

तरी मी सोडलेलं नाही. गेल्या वर्षी तिसऱ्या एका कंपनीने फेजशिफ्टिंग ट्रान्सफॉर्मरच्या (वीज कुठल्या लाईनने किती वाहील ते वळवणाऱ्या) कोनाचं चिन्ह उलटं वाचलं जात असल्याचं आमच्या सामायिक चाचण्यांतून पकडलं. ती चूक माझ्याही कोडमध्ये होती. यावेळी कुठलंही शटडाऊन चालू नव्हतं, टॉवरवर कुणी नव्हतं, मंगळवारची दुपार होती.

त्या रात्रीचा ऑपरेटर अजून तिथेच आहे. आम्ही सामायिक कन्व्हर्टर बसवायला गेलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, आणि तो तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नांहून अवघड आहे. "हा सात कंपन्यांचा आहे म्हणता. मग रात्री फोन कुणाला करायचा?" प्रकल्पाच्या बैठकीत मी हे तीनदा मांडलं. तिन्ही वेळा पुढच्या बैठकीवर गेलं. तोवर त्याच्या टेबलावरच्या यादीत मी माझाच नंबर लिहून आले आहे.