ग्वांगझूत एकट्याने उतरताना

चीनमधल्या ग्वांगझूला एकट्याने जायचं ठरवलंत तर तयारीतला सगळ्यात जास्त वेळ फोनला द्या. अडचण दोन्ही बाजूंनी आहे. चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथे ज्यावर पैसे देतात ती वीचॅट आणि अलीपे ही अ‍ॅप भारत सरकारने 2020 मध्ये बंदीच्या यादीत टाकली, हे तिकीट काढून झाल्यावर लक्षात येतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेच्या प्रवाशांसाठी लिहिलेले असतात. ‘घरूनच अलीपे चालू करून निघा’ हा त्यातलाच एक, आणि मडगावात बसून तो पाळायला गेलात तर तिथेच गाडी अडते.

यावर तोडगा म्हणजे दोन सिमचा फोन. एकात आपलं सिम, रोमिंग चालू करून. त्याचा डेटा चीनबाहेरून फिरून येत असल्याने व्हॉट्सअ‍ॅप चालतं, आणि बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर येतो. दुसऱ्यात विमानतळावर पासपोर्ट दाखवून घेतलेलं स्थानिक सिम, अलीपे आणि नकाशासाठी. हॉटेलच्या वायफायवर गूगल उघडणार नाही, ते गृहीत धरा. अलीपेत पासपोर्टने ओळख पटवून व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. रुपे कार्डाच्या किंवा यूपीआयच्या भरवशावर राहू नका. कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच सुरू करून ठेवा, नाहीतर कार्ड जोडलं जाईल आणि पहिल्याच खरेदीला नाकारलं जाईल. 200 युआनच्या वरच्या व्यवहारावर अलीपे 3 टक्के घेतं, बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. फुटपाथवरच्या एखाद्या गाड्याचा क्यूआर मालकाच्या खाजगी खात्याचा असतो. तिथे परदेशी कार्ड चालत नाही, म्हणून 10-20 युआनच्या नोटा खिशात हव्यातच.

गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळीहून थेट विमान नाही. इंडिगोने 2025 च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-ग्वांगझू सेवा सुरू केली, पुढच्या महिन्यात दिल्लीहूनही. घड्याळ अडीच तास पुढे करायचं. व्हिसा लागतोच, 240 तासांच्या व्हिसामुक्त ट्रान्झिटच्या यादीत भारत नाही. देशात शिरताना द्यायचं अरायव्हल कार्ड आता ऑनलाइन भरता येतं, तेवढी एक रांग वाचते.

विमानतळावरून मेट्रोची 3 क्रमांकाची लाइन थेट शहरात येते, भाडं 10 युआनच्या आत. प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रेमधून जाते. घोळ होतो तो तियू शिलू स्टेशनवर. इथे लाइन बदलणाऱ्यांचा लोंढा असतो आणि सकाळी आठ-नऊला मोठी सुटकेस घेऊन त्यात शिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पहाटेच्या विमानाने आलात तर विमानतळावरच निवांत खाऊन-पिऊन गर्दी ओसरल्यावर निघा. उतरण्याआधी बाहेर पडायच्या दाराचं अक्षर बघून ठेवा. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे निघता, आणि पूल शोधत फिरावं लागतं.

आता रस्ता. वाहतूक उजवीकडून, म्हणजे ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात. त्याहून धोका विजेच्या स्कूटरांचा. हॉर्नवर चालणाऱ्या आपल्या रस्त्यांची सवय असलेल्या कानाला त्या ऐकूच येत नाहीत, आणि त्या फुटपाथवरूनही जातात. चालताना बाजूला सरकायचं तर मागे बघूनच. हवा मात्र ओळखीची वाटेल: दमट, घामट, आणि एप्रिलपासून पावसाची.

खाण्यासाठी सकाळचं चहागृह गाठा. बसल्यावर चहा कोणता ते विचारतात आणि चहाचे पैसे माणशी वेगळे लावतात. फसवणूक नव्हे, रीत आहे. टेबलावर एक मोठा रिकामा वाडगा येतो. किटलीतला पहिला गरम चहा कपात, वाटीत आणि जेवायच्या काड्यांवर ओतून भांडी विसळायची आणि ते पाणी त्या वाडग्यात टाकायचं. ते प्यायचं नसतं. किटली संपली की झाकण अर्धवट तिरकं ठेवा, कोणी तरी येऊन गरम पाणी भरतं. दुसऱ्याने चहा ओतला तर दोन बोटं टेबलावर हलकेच आपटली की आभार पोचले. खाण्याचे पदार्थ वाफवलेल्या छोट्या टोपल्यांतून येतात. एका टोपलीत तीन-चार नग असतात, त्यामुळे एकट्याला दोन-तीन टोपल्या पुरे. हार-गाव, म्हणजे कोळंबी भरलेले मोमोसारखे नग, गोंयकाराला नक्की आवडतील. शाकाहारी मंडळींनी मुळ्याच्या वडीपासून सावध राहावं. नाव मुळ्याचं, पण आत सॉसेज आणि सुकी सुंगटं (कोळंबी) असतात. मासा बहुधा गोड्या पाण्यातला, वाफवलेला आणि काटेरी. इसवणाच्या (सुरमईच्या) अपेक्षेने मागवू नका.

आपल्याकडचे बरेच जण याला मकाव जोडतात, आणि ते साहजिकच आहे. चीनच्या किनाऱ्यावरचं हे जुनं पोर्तुगीज ठाणं 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होतं. ग्वांगझू दक्षिण स्टेशनवरून मकावला लागून असलेल्या झुहाईला ट्रेनने जायचं आणि गोंगबेइच्या सीमानाक्यावरून पायी पलीकडे. ट्रेनचं तिकीट पासपोर्टवरच असतं, स्वयंचलित गेट तो वाचत नसेल तर कर्मचारी बसलेल्या रांगेत जा. मकावला भारतीयांना 30 दिवस व्हिसा लागत नाही, पण तिथे पाऊल टाकलं की चीनचा एका प्रवेशाचा व्हिसा संपतो आणि ग्वांगझूला परतता येत नाही. एक तर दोन प्रवेशांचा व्हिसा मागा, नाहीतर मकाव शेवटी ठेवून हाँगकाँगहून परतीचं विमान धरा. हाँगकाँगसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती घरून करा आणि पावतीचा कागद छापून पासपोर्टात ठेवा.