जाडी म्हणाले आणि एसी वाढला

मंगळवार, रात्री साडेअकरा

झालं एवढंच. जपानी ऑफिसातली मीटिंग, फिल्मचा नमुना टेबलाभोवती फिरत माझ्याकडे आला. मी तो चिमटीत धरून म्हणाले, "आत्सुसा गा चोत्तो..." पुढचं बोलायची इथे गरज नसते, चोत्तो, म्हणजे जरा, एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. समोरचा नवा मुलगा "आ, सुमिमासेन", सॉरी, म्हणत उठला, रिमोट घेतला आणि एसी 26 वरून 24 वर आणला. पिक्, पिक्.

मी जाडीबद्दल बोलत होते. त्याने उकाडा ऐकला.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा त्याला अरिगातोओ म्हणाले आणि मग मिलिमीटरचे आकडे सांगायला लागले. आकड्यांना घोळ नसतो. मीटिंग पुढे सरकली, मी तिथेच राहिले. तोझाइ लाइनच्या मेट्रोमध्ये उभ्याउभ्या माझं निशी-कासाइ स्टेशन येईपर्यंत तोंडातल्या तोंडात आत्सुसा, आत्सुसा. शेजारच्या बाईने बिचारीने पर्समधला पंखा काढून वारा घ्यायला सुरुवात केली, निदान मला तरी तसं वाटलं.

घरी येऊन एनएचकेचा, म्हणजे जपानच्या सरकारी प्रसारण संस्थेचा, उच्चारकोश उघडला, 2016चा. गरम तेही आत्सुइ, जाड तेही आत्सुइ. गरममध्ये 'त्सु' वर जातो आणि 'इ'ला सूर पडतो. जाडमध्ये चढलेला सूर चढलेलाच राहतो. हे मला पुण्यात जपानीची एन-टू परीक्षा द्यायच्याही आधी माहीत होतं. घोळ नामाचा आहे. 'सा' लावला की उंचची उंची होते तसं नाम होतं, पण त्याबरोबर सूरही जागा बदलतो. ताकाइ, म्हणजे उंच, 'का'नंतर पडतो, ताकासा मात्र 'ता'नंतरच. नागासा, म्हणजे लांबी, तसाच. उकाड्याचा आत्सुसाही तसाच, 'आ' वर आणि बाकी खाली. पण जी विशेषणं मुळात पडतच नाहीत, ती नाम झाल्यावरही पडत नाहीत. ओमोसा म्हणजे वजन, आमासा म्हणजे गोडी, आणि ही माझी जाडी. 'आ' खाली, पुढचं वर, मागून येणारा 'गा' प्रत्ययसुद्धा वरच. त्यातून 'त्सु'मधला उ बोलताना गिळला जातो, म्हणजे सगळी भिस्त शेवटच्या 'सा गा'वर.

मी लांबी, उंची, जाडी एका दमात पाठ केलेली. नागासा, ताकासा, आत्सुसा. बे एके बे, बे दुणे चार. पहिल्या दोघींच्या चालीवर तिसरीला फरपटत नेली.

बाबा त्वष्ट्याची गोष्ट सांगायचे. यज्ञात 'इन्द्रशत्रु' म्हणताना शेवटचा उदात्त, म्हणजे चढा सूर, सुरुवातीला लागला, 'इंद्राला मारणारा'चं 'इंद्र ज्याला मारणार तो' झालं आणि वृत्रच मेला. माझी चूकही अगदी तीच, नको तिथे पहिल्याच अक्षरावर चढले. त्याचा मुलगा गेला, माझे दोन अंश.

हसू आलं लिहिताना. पण टोचतंय ते वेगळंच.

आठ वर्षं. जाडी हे माझं रोजचं काम, मग दिवसातून किती वेळा मी उकाडा म्हटलं असेन? आणि किती जणांनी ते मनातल्या मनात नीट करून घेतलं असेल? नवा होता म्हणून तो उठला. बाकीच्यांना सवय झाली होती. वर "निहोंगो जोओझु देस ने", तुमचं जपानी छान आहे हं, आहेच. परीक्षेत तरी कुठे कळणार होतं, जेएलपीटीला बोलण्याचा पेपरच नाही. ऐका, वाचा, गोळे काळे करा. मला वाटायचं मी यांच्यात बोलते. म्हणजे हे सगळे मला सांभाळून घेत होते.

आईचे दोन मिस्ड कॉल. आज नको.

बुधवार

काल रात्री कोश ठेवला नाही, दीड वाजला. 'मि' लावून केलेली नामं तर आणखी वेगळी. त्सुयोसा म्हणजे ताकद, ती 'त्सु'नंतर लगेच पडते. त्सुयोमि म्हणजे जमेची बाजू, ती शेवटपर्यंत चढून 'गा' आल्यावर पडते. 'गा' नसेल तर पडली हे कळतही नाही. ओमोसा किलोत मोजायचा, ओमोमि शब्दाला असतो. आपण दोन्हीकडे वजनच म्हणतो आणि आपलं काही अडत नाही.

तोओइ म्हणजे दूर, त्याचा सूर सपाट. त्याचं नाम तोओकु, दूरचं ठिकाण. ते शेवटी पडतं. यावर काही लिहिणार होते. राहू दे.

दुपारी बुचो, आमचे विभागप्रमुख, गरम पाण्याच्या मशीनपाशी भेटले. मीच विषय काढला, म्हटलं काल मी चुकीचं बोलले. त्यांनी कप भरून घेतला आणि म्हणाले, "मला दोन्ही सारखेच ऐकू येतात." मला वाटलं, हेही सांभाळून घेणंच. तर म्हणे ते उत्सुनोमियाचे. तोचिगी आणि इबाराकीच्या बहुतेक भागात हा चढउतारच नाही. हाशी म्हणजे पूल की जेवायच्या काड्या, हे ते संदर्भावरून ओळखतात. तोक्योला कॉलेजात आले तेव्हा मुलं त्यांच्याकडून तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. "मग?" "मग काय, हाशी म्हणायचं टाळायचो. नदीपलीकडे म्हणायचो." आणि स्वतःच जोरात हसले.

मी हसले नाही पटकन. मी जालन्याहून पुण्याला आले तेव्हा मेसमध्ये 'पानी' म्हणाले होते. एकदाच. पुढे महिनाभर मी जग पुढे करून नुसतं "जरा इकडे" म्हणायचे. तिथे निदान तोंडावर हसले, आठवड्यात 'ण' आला. मग होस्टेलवर आई भेटायला आली तेव्हा मीच तिला सगळ्यांसमोर... जाऊ दे.

आईला फोन केला. उन्हाळ्याचं पानी पुरलं नाही म्हणाली, टँकर लागला. मी नुसतं हं हं केलं.

शुक्रवार

आज पुन्हा फिल्म. सकाळी आंघोळ करताना वीसदा म्हणून गेले होते, टेबलाखाली हातही ठेवला होता. बाबांच्या रुद्रात जसा हात वरखाली व्हायचा तसा, फक्त माझा एकदा वर जाऊन वरच थांबला. आ-त्सुसा-गा. स्वच्छ लागला. नव्या मुलाने मान डोलावून वहीत जाडी लिहून घेतली.

रिमोट टेबलावर तसाच पडून राहिला, एसी 27 वर. आणि आज खरोखरच उकडत होतं.