जखम नाही, म्हणून नोंदही नाही

माझी मुलगी चार वर्षांची असताना पाळणाघरातील एका मुलाने, आणि त्याचे पाहून आणखी दोघांनी, तिला रोज खेळातून बाहेर काढायला सुरुवात केली. सकाळी पोटात दुखते अशी तक्रार ती करू लागली, पण सुट्टीच्या दिवशी पोट कधीच दुखत नसे. मी वर्गातील ताईंशी बोललो. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि लक्ष ठेवण्याचे कबूल केले.

खरी अडवणूक संचालिकांकडे झाली. घडणाऱ्या प्रकारांची लेखी नोंद व्हावी, एवढीच माझी मागणी होती. नोंदवही इजेसाठी असते, चावा, ओरखडा किंवा पडणे यांसाठी, असे उत्तर मिळाले. ‘तू आमच्यात नाहीस’ असे कोणी म्हटले तर त्यात लागले कुठे, असेही मला विचारण्यात आले. पुन्हा गेलो तेव्हा ‘एवढीशी मुले, दोन मिनिटांत विसरतात’ हे ऐकावे लागले. त्यानंतर दुसऱ्या मुलाच्या गोपनीयतेचे कारण पुढे आले. नाव न घालता लिहा, असे मी सुचवले, तर वहीत तसा रकानाच नसल्याचे सांगण्यात आले. हे सारे आठवले की आजही माझा संताप होतो, कारण त्या प्रत्येक टोलवाटोलवीत मुलीचे दिवस जात होते.

मी नोंदीसाठी हटून बसलो त्याला कारण होते. मुलांनी एकमेकांच्या केलेल्या छळाच्या अभ्यासाचा पाया १९७० च्या दशकात घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: त्रास देण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोघांच्या बळातील तफावत. चार वर्षांच्या मुलाचा हेतू ठरवणे अवघड असते, कारण दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची समज त्या सुमारास नुकती आकार घेत असते. तेवढ्यापुरते संचालिकांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आहे हे नोंदीशिवाय सिद्ध कसे करणार? शिवाय मारणे-चावणे साधारणपणे दोन-तीन वर्षांच्या वयात अधिक दिसते आणि बोलता येऊ लागल्यावर ओसरते. त्याची जागा काही मुलांमध्ये ‘तुला खेळायला घेणार नाही’ या धमकीने घेतलेली असते. म्हणजे केवळ जखमा मोजणाऱ्या वहीतून नेमका थोड्या मोठ्या वयाच्या मुलांमधील त्रास निसटतो.

शेवटी मी स्वतःच लिहू लागलो. वेळ, जागा, त्याआधी काय चालले होते, कोण काय म्हणाले आणि मोठे माणूस कुठे होते, एवढेच. त्यात कोणावर आरोप नव्हता. मुलीच्या आणि ताईंच्या सांगण्यावरून लिहिलेल्या त्या कागदांवरून स्पष्ट दिसले की बहुतेक प्रकार खाण्याआधी हात धुण्याच्या रांगेत घडत होते, जेव्हा एक ताई आत नळापाशी आणि दुसऱ्या ताई सतरंज्या घालण्यात गुंतलेल्या असत. तो कागद मी कार्यालयात दिला आणि त्याची पोच मागितली. पोच द्यावी लागल्यावर मात्र लगेच बैठक ठरली. तुम्हीही तोंडी तक्रारीवर थांबू नका.

पुढचे सोपे गेले. मुले छोट्या गटांत हात धुवायला जाऊ लागली आणि एक ताई रांगेपाशी उभ्या राहू लागल्या. ‘थांब, मला हे आवडत नाही’ असे ठामपणे म्हणायचा आणि मोठ्यांना बोलवायचा सराव सगळ्या वर्गाने केला, कारण बघत राहणाऱ्या मुलांनाही तो हवाच असतो. दोघांना समोरासमोर उभे करून ‘सॉरी’ म्हणायला लावू नये, हा माझा आग्रह त्यांनी मान्य केला. जिथे एक जण आधीच दबलेला असतो तिथे अशा माफीतून धाक तेवढा वाढतो. त्या मुलावर ‘त्रासदायक’ असा शिक्का मारला गेला नाही, याचेही मला समाधान वाटते. त्याला सतरंज्या घालायला मदतीला घेतले गेले आणि खेळात शिरण्यासाठी कसे विचारायचे, हे त्यालाही शिकवले गेले.

आणखी एक सांगायचे राहिले: दुसऱ्या पालकांना फाटकापाशी गाठू नका, बोलणे संस्थेमार्फतच होऊ द्या. घरी ‘आज कोणी त्रास दिला?’ असे रोज विचारल्याने मूल तेच शोधू लागते, त्यापेक्षा ‘आज कोणाबरोबर खेळलीस?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. आणि प्रवेश घेण्याआधीच नोंदीचा कोरा नमुना मागून पाहा, तसेच एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना मुलांजवळ किती मोठी माणसे असतात, हे विचारून घ्या.