तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच कादंबरीच्या तीन प्रती कशाला?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की कपाटापुढे थांबतं आणि थोड्या वेळाने विचारतंच: एकाच कादंबरीच्या तीन-तीन प्रती कशाला? आणि त्याही पेपरबॅक? जमवायच्याच तर पुठ्ठा बांधणीच्या जमवाव्यात, आणि नुसत्या वाचायच्या तर इतक्या जुन्या कादंबऱ्या फोनवर फुकट मिळतात. परवा भाचीने हेच विचारलं तेव्हा तिच्या हातात जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ होती. तेव्हा उत्तर त्याच पुस्तकापासून देते.

ही कादंबरी 1871-72मध्ये पहिल्यांदा बाहेर आली ती आठ भागांत, कागदी वेष्टनात, पाच शिलिंगांना एक भाग अशी. डिकन्सच्या कितीतरी कादंबऱ्या त्याच्याही आधी महिन्याला एक अशा पातळ अंकांतून निघाल्या होत्या. बत्तीस पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ सुद्धा लोकांनी ‘करमणूक’च्या अंकांतूनच वाचली. आज ज्यांना आपण अभिजात म्हणतो त्या यातल्या कितीतरी कादंबऱ्या वाचकाच्या हातात पहिल्यांदा कागदी वेष्टनातच पडल्या. पुठ्ठा, कापड, सोनेरी अक्षरं हे सगळं मागाहून आलं. म्हणून पेपरबॅक मला कमी प्रतीची वाटत नाही. आणि ती देखणी असली तर मला फार आनंद होतो, कारण स्वस्त वस्तू देखणी करायला कुणाला तरी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात.

अॅलन लेन या इंग्रज प्रकाशकाने 1935मध्ये पेंग्विन या मालेची पहिली दहा पुस्तकं काढली, सहा पेन्सांना एक. तेव्हा इंग्लंडात नवी कादंबरी पुठ्ठ्यात साधारण साडेसात शिलिंगांना पडायची. एका शिलिंगाचे तेव्हा बारा पेन्स, म्हणजे ही किंमत तिच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. मुखपृष्ठावर चित्र नाही, नुसते तीन पट्टे: कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवे, चरित्राला निळे. पण मला त्याहून जवळचा वाटतो तो नंतर आलेला माणूस, यान त्शिखोल्ड. नाझींनी अटक केली होती, सुटल्यावर देश सोडून स्वित्झर्लंडला गेलेला हा जर्मन अक्षररचनाकार 1947मध्ये पेंग्विनमध्ये आला आणि 1949पर्यंत होता. एवढ्यात त्याने पाचशेहून जास्त पुस्तकांची पानं नीट लावून दिली. जुळाऱ्यांसाठी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांसाठी, त्याने चार पानांची नियमावली लिहिली. शब्दांमधली जागा होईल तितकी कमी ठेवा. पूर्णविरामानंतर जास्तीची फट सोडू नका. सगळी मोठी (कॅपिटल) अक्षरं असतील तर ती एकमेकांपासून किंचित सुटी लावा.

हे नियम वाचून विसरता येतात, पण एकदा डोळ्याला सवय झाली की विसरता येत नाहीत. शब्दांमधल्या फटी मोठ्या असल्या की पानावर पांढरे ओहोळ दिसायला लागतात आणि नजर ओळ सोडून त्या ओहोळांतून खाली घसरते. नऊशे पानांच्या कादंबरीत हे फार महत्त्वाचं असतं. स्वस्तातलं पुस्तक घेणाऱ्याचेही डोळे दमतात, हे त्शिखोल्डला कळत होतं.

आता माझ्या तीन ‘मिडलमार्च’. सगळ्यांत जुनी फोर्टात, फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवर मिळाली. नारिंगी पाठ, पुढे तैलचित्र. पाठीवर दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती ओल्या बोळ्याने हळूहळू सोडवली तर खालचा चौकोन लखलखीत नारिंगी निघाला. बाकीची पाठ उन्हाने पार फिकुटली आहे. पुस्तक छापून आलं तेव्हा कसं दिसत असेल ते कळायला माझ्याकडे तेवढा एकच चौकोन आहे. दुसरी काळ्या पाठीची. तिच्यात टिपा चांगल्या आहेत, अडलं की ती काढते. तिसरी पेंग्विनच्या 2012च्या मालिकेतली, मुखपृष्ठकार कोरली बिकफर्ड-स्मिथच्या नक्षीची. तिच्या या मालिकेतल्या मुखपृष्ठांवर एखादा आकार गोष्टीतूनच उचललेला असतो आणि पानभर परत परत येतो. कादंबरी संपवून मुखपृष्ठाकडे पाहिलं की तो आकार नव्याने बोलायला लागतो. ज्याने मजकूर वाचलाय अशाच माणसाने काढलेलं मुखपृष्ठ लगेच ओळखू येतं.

याच्या उलटही अनुभव घेतलाय. ऑनलाइन एक प्रत मागवली होती, चित्रात हवी ती आवृत्ती होती. आली ती भलतीच: ताणून धुरकट झालेलं चित्र, आणि आतला समास इतका अरुंद की ओळीची टोकं बांधणीत गेलेली. तेव्हापासून चित्रावर विसंबत नाही. आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, जुळवते आणि विक्रेत्याकडून आतल्या एका पानाचा फोटो मागवते.

मुंबईच्या पावसाळ्यात मात्र या पुस्तकांना जपावं लागतं. शिवण नसते, पानं नुसती सरसाने धरलेली असतात, आणि दमटपणा, कसर दोन्ही त्यांना लागतं. कपाटात वेखंड ठेवते, पुस्तकं दाटीने कोंबत नाही, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की एकेक काढून वारा देते.

भाचीने शेवटी विचारलं, यातली वाचायला कुठली नेऊ? मी जुनी दिली. ती हातात हलकी वाटते आणि तिच्यातली अक्षरं मला तिघींत जास्त आवडतात. फक्त सपाट उघडून पालथी ठेवू नकोस म्हटलं, मधली सोळा पानं सुटायला आली आहेत.