बारा फोटोंचा रोल

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, जुन्या नाशकात भांडी बाजाराच्या मागे फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, मुंजी, लग्नाचे अल्बम. मी २००४ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्टुडिओला उतरती कळा लागली होती आणि डार्करूममधल्या एन्लार्जरवर जुनं धोतर पांघरून ठेवलेलं असायचं. मला शिवणकाम येत होतं. आप्पांनीच पुढची अर्धी जागा रिकामी करून दिली आणि तिथे माझं मशीन लागलं. ब्लाउज, फॉल-पिको, मुलींचे परकर-पोलके. आज तिथे आम्ही सहा जणी हाताने ठसे मारून साड्या, ओढण्या आणि कुर्त्यांचं कापड छापतो.

ठशांची छपाई मी २०१२ मध्ये पंधरा दिवसांच्या वर्गात शिकले. हात लवकर बसला, पण नक्षी कुठली छापायची हे कळत नव्हतं. तयार ठसे आणायचे, फोनवर दिसेल तसं रंगांचं जुळवून घ्यायचं, असं दोन वर्षं चाललं. माल खपायचा. मग एक दिवस नेहमीच्या एका ताई पिशवीतून ओढणी काढून म्हणाल्या, "ही माझ्या भाचीनं ऑनलाइन घेतली. तुमच्यासारखीच आहे, आणि निम्म्या किमतीत." खरंच तशीच होती, वेल तीच आणि बुट्टीही तीच. मला रडू आलं, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आप्पा आतून ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी कपाटातून त्यांचा जुना यशिका काढला, वरून खाली बघायचा डबडा कॅमेरा. त्यात कृष्णधवल रोल भरला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "यात बाराच फोटो निघतात. महिनाभर पुरवायचे. तुझं स्वतःचं बघणं कुठाय ते सापडेल."

त्या कॅमेऱ्याच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. रामकुंडावर उभी राहून मी कॅमेरा डावीकडे न्यायचे आणि घाट भलतीकडेच सरकायचा. पहिल्या रोलमधले चार फोटो तर नुसते गोंधळात गेले. पण बाराच आहेत म्हटल्यावर हात आपोआप थांबतो. एका जागी पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतं. मी नाशिकची सून, दहा वर्षं याच घाटावरून ये-जा केली होती, तरी दोन बायका ओली साडी दोन टोकांना धरून वाळवतात तेव्हा तिच्या मधोमध झोळ पडून किती सुंदर रेघ होते, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

आप्पांनी तेव्हा दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. आपल्या त्र्यंबकेश्वरचा माणूस. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, छपाईच्या धंद्यात पडले आणि मग सिनेमाकडे वळले. सिनेमा काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज तिथेच कॅमेरा लावून त्याची वाढ टिपली. आप्पांच्या मते त्यातली खरी मेहनत रोज त्याच कुंडीपुढे जाऊन बसण्याची होती.

मीही एक जागा धरली, आमच्या वाड्यातला आड. त्याच्या दगडी काठावर दोरीच्या खाचा पडल्या होत्या. किती पिढ्यांनी पाणी शेंदलं असेल कोण जाणे. दुपारी बारा वाजता त्या खाचा दिसतही नाहीत. सकाळी साडेआठच्या तिरप्या उन्हात मात्र एकेक खाच काळी होऊन उभी राहते. काही खोल, काही उथळ, दोन-तीन एकमेकींत मिसळलेल्या, सगळ्या किंचित कललेल्या. सात फोटो मी त्या एका काठावर घालवले. डार्करूममध्ये आप्पांनी प्रिंट काढली आणि लाल दिव्याखाली ट्रेमध्ये त्या रेघा हळूहळू वर आल्या तेव्हा मी ओरडलेच. ठशाला तरी दुसरं काय लागतं? इथे शाई लागेल, इथे लागणार नाही, एवढंच. कृष्णधवल फोटोनं माझं निम्मं काम करून ठेवलं होतं. आणि साडीलाही काठ असतो, आडालाही काठच असतो, हे तर भाषेनंच आधी सांगून ठेवलेलं!

ठसा कोरायला गुजरातेत पेथापूरला पाठवला. तिथली ठसे कोरण्याची कला नावाजलेली आहे. ट्रेसिंग नीट उलटं करून दिलं होतं, कारण ठशावर उलटं कोरलं तरच कापडावर सुलटं उमटतं. यशिकानं ती सवय मला आधीच लावली होती. ठसा आला, कोरीवकाम अप्रतिम, पण सगळ्या रेघा एकसारख्या आणि सरळ! कारागीर काकांना वाटलं, बाईंचा हात हलला असेल, आपण सुधारून देऊ. मी फोन केला, मग आडाच्या फोटोची प्रत टपालानं धाडली. पुढच्या खेपेला जो ठसा आला त्यात प्रत्येक खाच तशीच होती, आणि डाव्या टोकाची अर्धी रेघ उजव्या टोकाशी अशी जुळवली होती की जोड शोधूनही सापडू नये. फोटो पाहिल्यावर त्यांना एका शब्दानं सांगावं लागलं नाही. त्यांच्याही गावात आड असणारच.

आता रंगाचं. कापड आधी खळ काढून धुवायचं, मग हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. ते फिक्कट पिवळं होतं. काळ्यासाठी गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात पंधरा-वीस दिवस मुरवतो, गाळून त्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून दाट करतो. ठसा मारला की आधी नुसता राखाडी डाग दिसतो आणि मग हिरड्याशी मिळून डोळ्यांदेखत काळा होत जातो. आप्पा म्हणाले, "ही तर माझीच डार्करूम झाली, फक्त उजेडात." पिवळ्यासाठी झेंडू आणि डाळिंबाची सालं, सोनेरी-तपकिरीसाठी कांद्याची सालं. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांद्याच्या सालांना तोटा नाही. रंगाचं पाणी आम्ही नदीत सोडत नाही. खळीचं पाणीसुद्धा नाही. कितीही वेळ लागो, शोषखड्ड्यातच जातं.

पहिल्या अठरा साड्या तीन आठवड्यांत गेल्या. "आडाचा काठ" हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं.

त्यानंतर शोधायला कुठे लांब जावं लागलं नाही. शिवाजी तुपे सरांची घाटांची जलरंगचित्रं पाहिली आणि पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद हे पक्कं कळलं. आमच्या साडीत पांढरं म्हणजे कोरं कापड. तेव्हापासून अंगावरची नक्षी निम्म्यानं कमी केली. येवल्याला मागावर पैठणी विणताना पाहिली. पदरावरचा मोर रंगीत कांड्या एकेक करून ताण्यात गुंफत विणतात, नक्षी वरून छापलेली नसते, ती कापडच असते. त्या मोराची नक्कल ठशानं करायची नाही, असं मी तिथेच ठरवलं. अजूनही मोर मागणाऱ्याला मी येवल्याचा रस्ता सांगते.

पांडवलेण्यांत तर माझ्या धंद्याचा पूर्वज भेटला. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं, आणि त्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. मी तिथेच हिशेब मांडला. महिन्याचे वीस, वर्षाचे २४०, वीस जणांना बारा-बारा. पैपैचा ताळा जमतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गंगापूर रोडच्या बाजूला कापड करणाऱ्यांची पत एवढी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे ठेव ठेवत होता! त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा दुकानाच्या पाटीचा विचार केला. तोवर पाटीच नव्हती.

वाईट दिवसही आले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीतला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो, तो बुडाला तेव्हाच कळलं की पाणी आपल्या बोळात येणार. कापड वाचवलं, ठसे राहिले. भिजलेले ठसे उन्हात ठेवले ही आमची चूक, सावलीत वाळवून तेल पाजायला हवं होतं. चाळीसएक तडकले. २०१९ च्या पुरात मात्र सगळं आधीच माळ्यावर होतं. वाडाही आता नाही. आडाच्या काठाचा एक दगड तेवढा मागून घेतला, तो कारखान्याच्या दारात आहे.

कामावरच्या पाचही जणींना वर्षातून एकदा एकेक रोल मिळतो. भरतकाम करणाऱ्या मावशींनी बाराच्या बारा फोटो पोळीच्या तव्याचे काढले होते. त्यातून झालेली बुट्टी या वर्षी सगळ्यात जास्त खपली.

आप्पा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा एक सदरा मी जपून ठेवलाय. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, त्या दिवशी उघडतात, फुलं उकळून रंग करतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी. आप्पा तरुणपणापासून शनी चौकात जायचे. हा सदरा त्यांच्या शेवटच्या धप्प्याचा. दंडावर गुलाबी गडद आहे, पाठीवर विरळ होत जातो, बगलेत पांढरा राहिलाय.

तो गुलाबी मला साडीवर हवाय. मंजिष्ठा फिकी करून पाहिली, लाखेचा रंग तुरटीवर चढवून पाहिला. अकरा तुकडे दोरीवर सदऱ्याशेजारी लटकताहेत. नववा अगदी जवळ आला होता, पण तिसऱ्या धुण्यात केशरीकडे झुकला. परवा मावशी म्हणाल्या, गिरणीचं कापड सोडा, खादीवर करून बघा, सदरा खादीचाच आहे. बारावा तुकडा आज हिरड्यात भिजत घातलाय.